मुलीचे पत्र मुलीनेच लिहावे

गोष्ट 2023 च्या एप्रिलमधली. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. जेवणे आटोपून मी व्हरांड्यात पेपर चाळत बसलो होतो आणि ताईचा अमेरिकेहून फोन आला. तिच्याकडे तेव्हा दुपार. ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत ती फोन करते तेव्हा विषय बहुधा आईच्या औषधांचा असतो. त्या रात्री आवाज वेगळाच होता. म्हणाली, "चेडूं रडटा रे. चवदा कोचांक ईमेल धाडले, कोणूच जाप दिना."

ताई लग्न होऊन फोंड्याहून न्यू जर्सीला गेली त्याला वीस वर्षे होऊन गेली. भाची तिथेच जन्मली. त्या वेळी ती दहावीत होती आणि शाळेच्या संघातून हॉकी खेळत होती. आपलीच मैदानी हॉकी. तिथे नुसते हॉकी म्हटले की लोकांना बर्फावरची आठवते, म्हणून तिला फील्ड हॉकी म्हणतात. गंमत म्हणजे अमेरिकेत हा खेळ जवळजवळ मुलींचाच आहे. कॉन्स्टन्स ॲपलबी नावाच्या एका इंग्रज बाईंनी 1901 साली तो तिथल्या महिला महाविद्यालयांत नेला आणि तो बायकांचाच होऊन राहिला. भाचीला हा खेळ कॉलेजातही खेळायचा होता. तिथे कॉलेजचे प्रशिक्षक शाळकरी खेळाडूंमधून आपला संघ निवडतात. त्या साऱ्या खटाटोपाला 'रिक्रूटिंग' म्हणतात. म्हणजे भरती. शब्द पलटणीतला वाटतो आणि पालकांची अवस्थाही लढाईवर निघाल्यासारखीच असते.

या अडचणीवर तोडगा म्हणून ताईला एक सल्लागार भेटला होता. त्याची फी साडेतीन हजार डॉलर. तेव्हाच्या भावाने पावणेतीन लाखांच्या वर. एवढ्या पैशांत तो मुलीची 'प्रोफाइल' तयार करणार, तिच्या नावाने प्रशिक्षकांना पत्रे धाडणार आणि तिला 'नजरेत आणणार'. वर त्याने सांगितले होते, "माझे सगळ्या कोचांशी संबंध आहेत."

हे वाक्य ऐकले आणि मी सावध झालो. सरकारी कचेरीत कारकुनी करत उमर काढलेल्या माणसाला हे वाक्य पाठ असते. कचेरीबाहेरच्या चहाच्या गाड्यावर रोज कोणीतरी कोणाला तरी ते ऐकवत असतो. साहेब आपल्या ओळखीचा आहे, फाईल आपण हलवतो. फाईल मुळात अडलेलीच नसते. तिला नियमाप्रमाणे तीस दिवस लागणार असतात आणि एकोणतिसाव्या दिवशी तो पैसे घेतो.

ताईला म्हटले, चार दिवस थांब, एक डॉलर देऊ नकोस. आणि वाचायला बसलो.

गोव्यात बसून अमेरिकेतल्या कॉलेजांची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. पण गोव्यातले असे घर दाखवा ज्याचे कोणी परदेशात नाही. शिवाय मला जे सांगायचे आहे ते अमेरिकेच्या नियमांबद्दल जितके आहे तितकेच आपल्या एका जुन्या खोडीबद्दल आहे. आपल्याला नियम वाचायचा कंटाळा आणि मध्यस्थाचे भारी वेड. लायसन्स काढायचे, एजंट. लिस्बनला जन्मनोंदणी करायची, एजंट. सातासमुद्रापलीकडे गेलो तरी ही खोड सामानाबरोबर जाते.

तर त्या चौदा पत्रांचे काय झाले होते? अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडाक्षेत्राचा कारभार मुख्यतः एनसीएए नावाची संस्था पाहते. तिच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की वरच्या श्रेणीतल्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत प्रशिक्षकाने विद्यार्थ्याशी भरतीविषयी पत्रव्यवहार किंवा बोलणे दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या 15 जूनपासून सुरू करायचे. त्याआधी नाही. मुलीने हवे तेव्हा लिहावे, त्याला बंदी नाही. पण उत्तरादाखल प्रशिक्षकाला फार तर शिबिराचे माहितीपत्रक किंवा एक प्रश्नावली पाठवता येते. भाचीला नेमके तेच आले होते. शिबिरांची चार माहितीपत्रके. पोर समजली, आपल्याला झिडकारले. एप्रिल महिना होता आणि 15 जून यायचा होता. बस्स, एवढेच!

हे त्या सल्लागाराला ठाऊक नव्हते काय? नसेल तर तो कसला सल्लागार? आणि असेल तर एक पंधरा वर्षांची मुलगी आपण नालायक आहोत असे समजून उशीत तोंड खुपसून रडते आहे हे माहीत असूनही त्याने तिला ते एक वाक्य सांगितले नाही, कारण त्या वाक्याचे साडेतीन हजार डॉलर होत नाहीत. माझा राग आहे तो इथे. शांततेचा अर्थ सांगायचा नाही, तिची भीती वाढवायची आणि मग त्या भीतीवरचा उतारा विकायचा.

ताईने मला त्याचे माहितीपत्रक पाठवले होते. चकचकीत. त्यात सॅट परीक्षेचे किती गुण असले की खेळाडू पात्र ठरतो याचा मोठा तक्ता होता. खेळाडूच्या पात्रतेसाठी असलेली ती परीक्षेची अट एनसीएएने 2023 च्या जानेवारीतच काढून टाकली होती. रद्द झालेले परिपत्रक दाखवून माणूस फी मागत होता. आमच्या कचेरीत असे कोणी टिपण सादर केले तर वरून शेरा येतो आणि पुढचे चार महिने तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आता हा कारभार खरोखर आहे तरी कसा, ते थोडक्यात सांगतो. फुकट सांगतो.

एनसीएएच्या तीन श्रेणी आहेत. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून अधिक कॉलेजे, टूमध्ये तीनशेच्या आसपास, आणि थ्रीमध्ये सगळ्यांत जास्त, चारशेच्या वर. पहिल्या दोन श्रेणींत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येते. तिसरीत देता येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही नावे आपण घेतो ती आयव्ही लीगची कॉलेजे पहिल्या श्रेणीत असूनही खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देत नाहीत. एनसीएएच्या बाहेर एनएआयए ही वेगळी संघटना आहे, आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांची एनजेसीएए निराळी.

आता पैशाचे. एनसीएए स्वतःच सांगते की शाळेत खेळणाऱ्या मुलांपैकी साधारण सात टक्के पुढे तिच्या कॉलेजांतून खेळतात आणि खेळाची शिष्यवृत्ती मिळते ती सुमारे दोन टक्क्यांना. तीही पूर्ण असते असे नाही. अगदी अलीकडेपर्यंत डिव्हिजन वनच्या हॉकी संघाला बारा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या वीस-पंचवीस मुलींत वाटल्या जात. कोणाला अर्धी, कोणाला पाव, कोणाला नुसता गणवेश. आपल्याकडे लग्नात 'पोरीला अमेरिकेत खेळावर फुल स्कॉलरशिप' असे सांगितले जाते ना, त्यातल्या 'फुल' या शब्दाकडे जरा बारकाईने बघावे.

मग अभ्यास. डिव्हिजन वनला पात्र होण्यासाठी नववी ते बारावीत सोळा मान्य विषय लागतात. एक विषय एक वर्ष शिकला की एक धरायचा. इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, समाजशास्त्रे दोन, बाकीचे ठरवून दिलेले. त्यांतले दहा बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण हवेत आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानातले हवेत. या विषयांची सरासरी चारपैकी किमान 2.3. डिव्हिजन टूला 2.2. म्हणजे घड्याळ नववीच्या पहिल्या दिवसापासून चालू होते. बारावीत जागा झालेल्याला कोणताही सल्लागार वाचवू शकत नाही, कारण दहावीत न घेतलेले बीजगणित विकत मिळत नाही. यासाठी जायचे असते शाळेतल्या समुपदेशकाकडे. तो पगारी माणूस आहे आणि कोणते विषय मान्य आहेत याची शाळावार यादी एनसीएएच्या संकेतस्थळावर आहे.

आणि प्रशिक्षकाला काय हवे असते? मुलीचे नाव, कोणत्या साली बारावी होणार, कोणत्या जागेवर खेळते, गुण किती, पुढचे सामने कधी आणि कुठे, सध्याच्या प्रशिक्षकाचा फोन. सोबत तीन-चार मिनिटांची चित्रफीत, ज्यात आपण कोणती खेळाडू ते बाणाने दाखवलेले असावे. प्रत्येक कॉलेजच्या क्रीडा पानावर एक प्रश्नावली असते, ती भरायची. कॉलेज पाहायला स्वखर्चाने जायचे, आणि पुढे प्रशिक्षकाने बोलावलेच तर कॉलेजच्या खर्चाने. तोंडी शब्द कोणालाही बांधत नाही, ना कॉलेजला ना मुलीला. लेखी मिळेपर्यंत काहीच मिळालेले नसते. हे मात्र कारकुनाला कोणी शिकवावे लागत नाही.

या यादीत कुठे साडेतीन हजार डॉलरचे काम दिसले? मला दिसले नाही.

ताईने यावर मला चांगलेच सुनावले होते. "तुका सांगपाक सोंपें," म्हणाली. तिचे म्हणणे असे, की सगळ्यांना कारकून भाऊ नसतो. नवरा-बायको दोघे नोकरीवर, शनिवारी-रविवारी मुलीला घेऊन तीन-तीन तास गाडी हाकायची, सामने, क्लबची फी. वर आपण परके. शेजारच्या घरातल्या बापाने आणि आत्याने स्वतः कॉलेजात खेळलेले असते, त्यांना हे सगळे घरातच ठाऊक. आपण विचारायचे कोणाला? आपण स्वतः कधी मैदानावर पाऊल ठेवलेले नाही, आपली सगळी हयात दहावी-बारावीच्या टक्क्यांत गेली.

हे म्हणणे खरे आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. परक्या देशात अज्ञान ही लाज वाटण्याची गोष्ट होऊन बसते. ती लाज झाकायला माणूस पैसे देतो. शिवाय ज्यांच्या घरात कोणी कॉलेजात गेलेलेच नाही अशा गरीब अमेरिकन घरांची अवस्था याहून वाईट. पण त्याला उपाय माहिती हा आहे, मध्यस्थ नव्हे. चित्रफीत कापून द्यायला कोणी पैसे घेतले तर देऊन टाका, ती मजुरी आहे. कोणी अनुभवी माणूस तासभर बसून समजावून सांगत असेल तर त्याच्या वेळेचे पैसे द्या. पण मुलीच्या वतीने बोलण्याचे काम कोणाला देऊ नका. कारण परीक्षा आहे ती त्याचीच.

असे पाहा. प्रशिक्षकाला चार वर्षे जिच्याबरोबर बसमधून हिंडायचे आहे, पराभवानंतर जिच्याशी बोलायचे आहे, ती मुलगी स्वतःचे म्हणणे मांडू शकते का, हे त्याला बघायचे असते. सल्लागाराने एकाच साच्यातून शंभर कॉलेजांना पाठवलेले पत्र त्याला काय सांगणार? एवढेच, की या घरात पैसे आहेत आणि धीर नाही.

आणि इथे मला घरचीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती चौदा पत्रे भाचीने लिहिलेली नव्हती. ताईने लिहिली होती, मुलीच्या नावाने, रात्री जागून. मी ती मागवून वाचली. प्रत्येकात 'लहानपणापासूनची तळमळ' होती आणि 'संघभावना' होती. ती कोणत्या जागेवर खेळते हे मात्र चौदापैकी नऊ पत्रांत नव्हते. सल्लागाराला आपण शिव्या देतो, पण त्याच्याआधी मध्यस्थाच्या खुर्चीवर आईच बसली होती. आणि तिला उठवून मग मी बसलो. मराठी घेऊन बीए झालेला माणूस, पत्र समोर आले की हात शिवशिवतातच. भाचीने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात मी चार विशेषणे घातली. तिने ती सगळी काढून टाकली आणि मला विचारले, "मामा, यातले खरे कुठले आहे?"

तिचे स्वतःचे पत्र आठ ओळींचे झाले. आपण बचाव फळीत डावीकडे खेळतो. पहिल्या पावलाला आपण संथ आहोत, पण एकाच चकव्याने कोणी आपल्याला दोनदा फसवून जात नाही. गणितात बरी आहे, रसायनशास्त्रात धडपडते आहे. येत्या दोन स्पर्धा अमुक ठिकाणी आहेत. चित्रफीत सोबत. आपल्याला तुमच्या कॉलेजात पर्यावरण हा विषय शिकायचा आहे. संपले.

तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांना हे 15 जूनचे बंधन नाही, हेही वाचताना कळले. तोवर तिने त्यांना लिहिलेच नव्हते. का? तर घरात सगळ्यांना डिव्हिजन वनच हवे होते. इथे माझा दुसरा आक्षेप आहे आणि तो सल्लागारांपेक्षा आपल्यावरच जास्त आहे. आपल्याला मुलीचा खेळ नको असतो, खेळाचा बिल्ला हवा असतो. अमेरिकेत डिव्हिजन वनचे हॉकी संघ ऐंशीच्या आसपास आहेत, डिव्हिजन थ्रीचे दीडशेच्या पुढे. तिसऱ्या श्रेणीत खेळाचा पैसा नाही, पण गुणांवर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. ती अनेकदा पहिल्या श्रेणीतल्या अर्ध्या-पाव शिष्यवृत्तीहून जास्त भरते. शिवाय मुलगी प्रत्यक्ष मैदानावर उतरते. पहिल्या श्रेणीच्या बाकावर चार वर्षे बसून पाणी पिण्यापेक्षा हे काय वाईट? पण कणगी-कोपऱ्यातल्या नातेवाइकाने ज्याचे नाव ऐकलेले नाही असे कॉलेज आपल्याला कॉलेज वाटत नाही.

या बिल्ल्याच्या हव्यासाचे टोक अमेरिकेनेच 2019 च्या मार्चमध्ये पाहिले. रिक सिंगर नावाच्या एका प्रवेश-सल्लागाराने श्रीमंत पालकांच्या मुलांना खोटे खेळाडू बनवून मोठमोठ्या विद्यापीठांत घुसवल्याचे उघडकीस आले. तपासाला नाव होते 'ऑपरेशन व्हर्सिटी ब्लूज'. प्रशिक्षकांना लाच, खोट्या प्रोफाइल, कधीही न खेळलेल्या खेळाचे खोटे पराक्रम. लॉरी लॉकलिन या अभिनेत्रीने आणि तिच्या नवऱ्याने पाच लाख डॉलर मोजून दोन मुलींना नौकानयनपटू म्हणून दाखल केले होते. मुली नौका वल्हवणाऱ्या नव्हत्याच. 2020 मध्ये आईला दोन महिन्यांची आणि बापाला पाच महिन्यांची कैद झाली. सिंगरला 2023 च्या जानेवारीत साडेतीन वर्षांची. याला तो 'बाजूचा दरवाजा' म्हणत असे. आपण वशिला म्हणतो. भाषा निराळी, मनोवृत्ती तीच. प्रामाणिक सल्लागार या टोळीतले नव्हेत, हे मी जाणतो. पण मुलीच्या जागी दुसऱ्याने बोलायचे हे एकदा मान्य केले, की ती काय बोलली असती यापेक्षा काय बोललेले खपेल हे महत्त्वाचे ठरते. तिथून खोट्या प्रोफाइलपर्यंतची वाट फार लांबची नाही.

आता कोणी म्हणेल, नियम रोज बदलतात, सामान्य माणसाने कुठवर वाचायचे? बदलतात खरे. 2018 मध्ये ट्रान्स्फर पोर्टल आले. पुढे 2021 आणि 2024 मध्ये एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणे इतके सोपे झाले की प्रशिक्षक शाळेतल्या कोवळ्या पोरीऐवजी दुसरीकडे दोन वर्षे खेळून तयार झालेली मुलगी घेऊ लागले. शाळकरी मुलांच्या वाट्याला येणाऱ्या जागा त्याने कमी झाल्या. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' हे वर्षानुवर्षांचे करारपत्रच रद्द झाले. आणि 2025 च्या 6 जूनला हाउस खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. तेव्हापासून त्या तडजोडीत सामील झालेली कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षासाठी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी तिथे संघसंख्येची मर्यादा आली. हॉकीला सत्तावीस.

म्हणजे आता सत्ताविसांनाही पूर्ण शिष्यवृत्ती देता येते! लगेच सल्लागारांनी पेढे वाटले असतील. पण मंजुरी वेगळी आणि तरतूद वेगळी, हे सरकारी नोकराला सांगायला नको. देता येते याचा अर्थ देतात असा होत नाही. थेट द्यायचा पैसा मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळतो, कारण कॉलेजांना कमाई तिथून होते. 1972 च्या टायटल नाइन कायद्याने मुलींच्या खेळांना जे दार उघडून दिले त्यातूनच माझ्या भाचीसारख्या मुली आत गेल्या. त्या दारातून पुढे किती पैसा जाईल हा वाद तिथे अजून चालू आहे. नियम असे हलत असतात तेव्हा तर मूळ कागद वाचणे अधिकच गरजेचे. मध्यस्थाचे माहितीपत्रक कायम एक वर्ष मागे असते, हे आपण सॅटच्या तक्त्यात पाहिलेच.

हे सगळे आत्ता लिहायला एक कारण घडले. आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा चांगला पोहतो. त्याला कोणीतरी गाठून सांगितले की अमेरिकेत पोहण्यावर शिष्यवृत्ती मिळवून देतो, आता फी थोडी द्या आणि जेवढी शिष्यवृत्ती मिळेल तिचे दहा टक्के नंतर. सहकाऱ्याला सौदा रास्त वाटला. काम झाले तरच पैसे! पण एनसीएएच्या नियमांत नेमकी हीच गोष्ट चालत नाही. मुलाला कॉलेजात शिष्यवृत्तीवर बसवून देण्याच्या बोलीवर ठरवलेली फी दिली तर मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते. ठरावीक सेवेची ठरावीक फी चालते, टक्केवारी चालत नाही. त्या सौद्यावर बापाने सही केली असती तर मुलाची बारा वर्षांची पोहणी एका कागदात बुडाली असती.

आपल्या मुलांनी तिकडे जाऊ नये असे मी म्हणत नाही. जरूर जावे. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षे एनसीएएचे एकेरीचे टेनिस विजेतेपद मिळवले. तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून 2018 आणि 2022 मध्ये उंच उडी जिंकली. आपल्या मराठी मुलुखातली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून टेनिस खेळली आणि 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. वाट आहे, आणि ती मळलेली आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी कोणत्या देशाची कोणती गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र ग्राह्य धरायचे याची पुस्तिकाही एनसीएए काढते, त्यात भारत आहे. नववीपासूनच्या गुणपत्रिका सांभाळून ठेवा, मध्ये वर्ष वाया घालवू नका, आणि पत्र मुलालाच लिहू द्या. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालेल. प्रशिक्षकाला पोहणारा हवा आहे, निबंधकार नव्हे.

भाचीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. 15 जून 2023 ला डिव्हिजन वनच्या तीन प्रशिक्षकांची उत्तरे आली. दोघांनी पुढे नम्रपणे नाही म्हटले, एकाने संघात जागा देऊ केली पण पैसे नाहीत म्हणाला. तिसऱ्या श्रेणीतल्या पाच जणांनी तिचे खेळणे प्रत्यक्ष येऊन पाहिले. 2025 च्या ऑगस्टपासून ती पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कॉलेजात आहे. गुणांवर जवळजवळ अर्धी फी माफ. हॉकीच्या नावाने एक डॉलरही नाही. पहिल्याच वर्षी सहा सामन्यांत सुरुवातीपासून उतरली.

2025 च्या डिसेंबरात ती मंडळी लग्नासाठी फोंड्याला आली होती. पंगतीत एका मावशीने ताईला सगळ्यांसमोर विचारले, "चेडवाक फुल स्कॉलरशिप मेळ्ळी मगो?" ताई क्षणभर अडखळली. मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले. 'हो' म्हणून मोकळे व्हायचा मोह दोघांनाही झाला असणार. तेवढ्यात भाचीनेच आपल्या अमेरिकन हेलातल्या कोकणीत उत्तर देऊन टाकले.

"ना गो मावशे. मार्कांचे पयशे मेळटात. हॉकी हांव फुकट खेळटां."